आयर्लंडचा स्वातंत्र्यलढा आणि कॅथलिक धर्मगुरू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयरिश स्वातंत्र्यलढ्याबद्दल वाचकांकडून जे प्रश्न येतात, त्यांत निम्मेअधिक धर्मगुरूंबद्दलचे असतात. ते क्रांतिकारकांच्या बाजूने होते की इंग्रजांच्या, हा त्यातला सर्वांत मोठा प्रश्न. सरसकट उत्तर देता येत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. डब्लिनमध्ये इंग्रजी सत्तेविरुद्ध झालेल्या 1916च्या ईस्टर उठावापासून 1923मध्ये संपलेल्या यादवी युद्धापर्यंतचा काळ यात येतो.

1. फ्रायर म्हणजे कोण? आपल्या चर्चमधल्या फादरपेक्षा ते वेगळे असतात का?

धर्मग्रामात नेमलेले फादर त्या धर्मप्रांताच्या बिशपच्या हाताखाली असतात. फ्रायर हे एखाद्या व्रतस्थ संघाचे सदस्य. ते मठात एकत्र राहतात, दारिद्र्याचं व्रत घेतात आणि संघाच्या प्रांतप्रमुखाच्या आज्ञेत असतात. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, कार्मेलाइट, ऑगस्टिनियन हे असे संघ. या लढ्यात सगळ्यात ठळक दिसतात ते कपुचिन. ही फ्रान्सिस्कनांचीच एक शाखा. तपकिरी झगा, मागे टोपडं, कमरेला दोरी आणि वाढवलेली दाढी, त्यामुळे लांबूनही ओळखू येणारे. आयर्लंडमध्ये हा संघ 1615पासून आहे.

बिशपच्या थेट हाताखाली नसल्यामुळे फ्रायरना थोडी मोकळीक असे, पण पूर्ण नाही. एखाद्या धर्मप्रांतात लोकांचं पापनिवेदन ऐकायचं तर तिथल्या बिशपची परवानगी लागतेच.

2. 1916च्या उठावाला चर्चचा पाठिंबा होता का?

नव्हता. उठाव ज्यांनी घडवला ती आयरिश रिपब्लिकन ब्रदरहूड ही शपथबद्ध गुप्त संघटना होती, आणि अशा संघटनांना चर्चचा जुना विरोध होता. 1870 साली रोमने फेनियन या आधीच्या सशस्त्र स्वातंत्र्य चळवळीचा नाव घेऊन निषेध केला होता. त्याआधी 1867मध्ये केरीचे बिशप मोरिआर्टी म्हणाले होते की फेनियन पुढाऱ्यांना शिक्षा द्यायला नरकाची आगही अपुरी आहे. न्याय्य युद्धाचे कॅथलिक निकषही आड येत. यशाची वाजवी शक्यता हवी, हा त्यातला एक. ब्रिटिश साम्राज्याशी झुंजायला निघालेल्या हजार-दीड हजार माणसांना तो कसा लावायचा?

पण सगळे बिशप निषेध करायला धावले, असंही झालं नाही. डब्लिनचे आर्चबिशप विल्यम वॉल्श जाहीरपणे काहीच बोलले नाहीत. काही बिशपांनी धिक्कार केला. बरेच जण गप्प राहून लोकांचा कल बघत होते. खाली धर्मग्रामांतले तरुण फादर शेतकरी आणि दुकानदारांच्या घरांतून आलेले. त्यांचे भाऊ, चुलतभाऊ उठावात लढलेल्या आयरिश स्वयंसेवक दलात होते. म्हणून मला ‘चर्चची भूमिका’ हा शब्दप्रयोगच या काळासाठी फसवा वाटतो. कोणता माणूस, कोणत्या गावात, कोणत्या वर्षी, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

3. सगळीकडे चर्च स्ट्रीटच्या कपुचिनांचीच नावं का येतात?

पहिलं कारण भूगोलाचं. त्यांचा मठ डब्लिनच्या चर्च स्ट्रीटवर, आणि उठावातल्या सर्वांत तिखट लढायांपैकी एक त्याच भागात झाली. फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीच्या परिसरात उठावकऱ्यांतले एडवर्ड डेली यांची तुकडी होती. मठाशेजारचं फादर मॅथ्यू हॉल हे दारूबंदी चळवळीचं सभागृह. तिथे जखमींवर उपचार सुरू झाले आणि फ्रायर आपोआपच लढाईच्या मधोमध आले. जवळच्या नॉर्थ किंग स्ट्रीटवर ब्रिटिश सैनिकांनी घराघरांत शिरून 15 निःशस्त्र नागरिक मारले. हे सगळं त्यांच्या दारात घडलं.

फादर अलॉयशियस, फादर ऑगस्टीन, फादर अल्बर्ट, फादर कोलंबस आणि फादर सेबॅस्टियन ही नावं लक्षात ठेवा, त्यांतली बहुतेक खाली पुन्हा येतील. फादर डॉमिनिक यांची गोष्ट कॉर्कची आहे, ती 11व्या आणि 12व्या प्रश्नात.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. धर्मसेवा देणारे फक्त कपुचिनच नव्हते. उठावकऱ्यांच्या मुख्यालयात, म्हणजे जनरल पोस्ट ऑफिसात, प्रो-कॅथेड्रलचे एक धर्मप्रांतीय फादर सेवा देत होते.

4. शरणागतीत फ्रायरांनी मध्यस्थी केली, ती ब्रिटिशांच्या वतीने का?

हा प्रश्न बहुतेक वेळा आरोपाच्या सुरात येतो. घडलं ते असं. शनिवारी, 29 एप्रिलला, उठावाचे नेते पॅट्रिक पिअर्स यांनी शरणागती पत्करली. परिचारिका एलिझाबेथ ओ'फॅरेल यांनी तो आदेश ठिकठिकाणी पोचवायला सुरुवात केली. जेकब बिस्किट कारखान्यातल्या उठावकऱ्यांचे प्रमुख थॉमस मॅकडोना मानायला तयार नव्हते. कैदेत असलेल्या माणसाचा हुकूम बंधनकारक नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि सैनिकी दृष्टीने ते चूक म्हणता येत नाही.

रविवारी फादर ऑगस्टीन आणि फादर अलॉयशियस डब्लिन कॅसलमध्ये उठावाचे आणखी एक नेते, जखमी जेम्स कॉनली यांना भेटले. मग ब्रिटिश सेनापती मॅक्सवेलची परवानगी काढून आर्बर हिल तुरुंगात पिअर्स यांच्याकडे गेले, शरणागतीचा आदेश खरा असल्याची खात्री करून घेतली आणि जेकब कारखाना गाठला. मॅकडोना यांनी ब्रिटिश सेनापती लो याच्याशी स्वतः बोलणी केली. नंतर हेच दोन फ्रायर त्यांच्यासोबत मोटारीतून साउथ डब्लिन युनियनमध्ये एमन केंट यांच्या तुकडीकडे गेले. चर्च स्ट्रीटजवळच्या लोकांची खात्री पटवायला फादर कोलंबस यांनीही अशीच धावपळ केली.

माझं मत स्पष्ट आहे. पिअर्स यांनी निर्णय घेऊन टाकला होता. फ्रायर गेले नसते तर बातमीवर विश्वास न बसल्याने आणखी माणसं मेली असती.

5. किलमेनम तुरुंगात शेवटच्या रात्री नेमकं काय झालं?

3 ते 12 मे 1916 दरम्यान किलमेनममध्ये 14 जणांना गोळ्या घालून देहदंड दिला गेला. थॉमस केंट यांना 9 मे रोजी कॉर्कमध्ये गोळ्या घातल्या आणि रॉजर केसमेंट यांना ऑगस्टमध्ये लंडनला फाशी दिली. असे एकूण 16.

पहिली रात्र 2 मेची. फादर अलॉयशियस पिअर्स आणि मॅकडोना यांच्या कोठडीत गेले, पापनिवेदन ऐकलं, ख्रिस्तप्रसाद दिला. पिअर्स यांच्या आईला आणायला निघालेली मोटार गोळीबारामुळे अर्ध्या वाटेवरून परतली, माय-लेकरांची भेट झालीच नाही. मॅकडोना यांना त्यांची बहीण, सिस्टर फ्रान्सेस्का, भेटू शकली. ती नन होती. पहाटेच्या आधी धर्मगुरूंना सांगण्यात आलं की बाहेर व्हा, शिक्षेच्या वेळी इथे थांबता येणार नाही.

फादर अलॉयशियस यांनी याला कडाडून हरकत घेतली, आणि तिचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अंत्य तैलाभ्यंगाचा संस्कार त्या काळच्या नियमानुसार आजारी किंवा जखमी माणसालाच देता येई. धडधाकट माणूस तासाभरात मरणार असला तरी त्याला तो देता येत नसे. म्हणजे गोळ्या लागल्यानंतर, देहात ऊब आहे तोवरच, तेल लावायचं. त्यासाठी धर्मगुरू त्या आवारात काही पावलांवर उभा हवा. त्याला बाहेर काढणं म्हणजे मरणाऱ्याचा शेवटचा संस्कार हिरावणं. लष्कराला हे पटलं. 4 मेपासून फ्रायरना शेवटपर्यंत सोबत राहू दिलं.

त्यामुळे फादर अल्बर्ट यांनी लिहून ठेवलेली 8 मेची पहाट आपल्याला वाचायला मिळते. शॉन ह्यूस्टन, वय 25. हात मागे बांधलेले, डोळ्यांवर पट्टी, आणि कोटावर हृदयाच्या जागी टाचलेला चार-पाच इंची पांढरा कागद, नेम धरायला. फादर अल्बर्ट त्यांच्यासोबत चालत आवारात गेले. त्यांना एका खोक्यावर बसवलं. गोळ्या सुटताच फादर धावले आणि त्यांनी तेल लावलं. डब्लिनचं मोठं रेल्वे स्थानक 1966पासून ह्यूस्टन यांच्याच नावाने ओळखलं जातं.

त्याच पहाटे गेलेल्या मायकेल मॅलिन यांनी शेवटच्या पत्रात आपल्या अडीच वर्षांच्या मुलाला, जोसेफला, लिहिलं होतं की जमलं तर धर्मगुरू हो. तो मुलगा जेझुइट झाला, हाँगकाँगमध्ये आयुष्य घालवून 2018 साली 104व्या वर्षी वारला.

6. टॉम क्लार्क यांनी धर्मगुरूला कोठडीबाहेर काढलं, हे खरं का?

त्यांच्या पत्नी कॅथलीन यांनी तसं सांगितलं आहे. संस्कार हवा तर केल्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त करा, अशी अट धर्मगुरूंनी घातली, आणि ज्याचा अभिमान आहे त्याबद्दल खेद कसला, म्हणून क्लार्क यांनी त्यांना जायला सांगितलं. क्लार्क उठावाचे एक नेते, जुने फेनियन, इंग्रजांच्या तुरुंगात 15 वर्षं काढलेले. असं उत्तर त्यांना शोभतं. कोठडीत प्रत्यक्ष कोणते शब्द बोलले गेले याचा तिसरा साक्षीदार नाही, एवढं ध्यानात ठेवून ही हकिकत वाचावी.

7. जेम्स कॉनली मार्क्सवादी होते. मग त्यांनी धर्मगुरू का बोलावला?

बोलावला हे नक्की. 1908 साली एका पत्रात त्यांनी स्वतः लिहिलं होतं की पंधराएक वर्षांत आपण धर्माचरण केलेलं नाही. तरीही उठावानंतर डब्लिन कॅसलमध्ये जखमी पडले असताना त्यांनी फादर अलॉयशियस यांना बोलावलं. फादरनी आधी शब्द दिला की मी फक्त धर्मगुरू म्हणून आलोय, राजकीय निरोप नेणार नाही. पहारेकरी तरी खोलीतून हलेनात. तेव्हा फादर अडून बसले: दुसऱ्या कुणासमोर पापनिवेदन ऐकता येत नाही. अखेर शिपायांना बाहेर काढलं गेलं. 12 मे रोजी फादर कॉनली यांच्यासोबत किलमेनमला गेले. उभं राहता येत नसल्याने कॉनली यांना खुर्चीत बसवून गोळ्या घातल्या.

डाव्या विचारांचे वाचक हे नाकारू पाहतात आणि धार्मिक वाचक त्याचा विजयोत्सव करतात. दोघांनीही कॉनली यांना थोडं मोकळं सोडावं. पत्नी लिली प्रोटेस्टंट होत्या, त्यांनी कॅथलिक व्हावं अशी त्यांची इच्छा होती आणि त्याच वर्षी त्या झाल्या. समाजवाद सोडल्याचं मात्र कॉनली यांनी कुठेही म्हटलेलं नाही.

8. प्लंकेट आणि ग्रेस गिफर्ड यांचं तुरुंगातलं लग्न कपुचिनांनीच लावलं का?

नाही. 3 मेच्या रात्री किलमेनमच्या चॅपलमध्ये ते लावलं तुरुंगाचे धर्मगुरू फादर यूजीन मॅकार्थी यांनी. काही तासांनी, 4 मेच्या पहाटे, उठावाचे एक नेते असलेल्या जोसेफ प्लंकेट यांना गोळ्या घातल्या.

9. एखाद्या तरी बिशपने उघडपणे इंग्रजांना सुनावलं का?

लिमरिकचे बिशप एडवर्ड ओ'ड्वायर यांनी. मॅक्सवेलने पत्र पाठवून त्यांच्या धर्मप्रांतातल्या दोन फादरांना आवर घालायला सांगितलं होतं. 17 मे 1916च्या उत्तरात बिशपांनी साफ नकार दिला, शरण आलेल्या तरुणांना थंडपणे मारलंत असं सुनावलं आणि ट्रान्सव्हालमध्ये जेमसनने घातलेल्या धाडीची आठवण करून दिली. तिथे इंग्रजांनीच आपल्या बंडखोरांसाठी दयेची याचना केली होती. पत्र छापून आलं आणि देशभर हातोहात फिरलं.

हे बिशप काही जन्मजात बंडखोर नव्हते. 1880च्या दशकात कुळांच्या आंदोलनाला त्यांनीच कडाडून विरोध केला होता. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन आलं.

10. बिशप आणि क्रांतिकारक एका बाजूला कधी आले?

एप्रिल 1918मध्ये. पहिल्या महायुद्धासाठी आयर्लंडमध्ये सक्तीची सैन्यभरती लादायचा कायदा लंडनच्या संसदेत पुढे रेटला गेला. 18 एप्रिलला प्रजासत्ताकवादी शिन फेन पक्षाचे अध्यक्ष डी व्हॅलेरा आणि इतर नेते मेनूथला जमलेल्या बिशपांना भेटले. देवाच्या नियमांत बसेल अशा सर्व मार्गांनी विरोध करायचा लोकांना हक्क आहे, असं बिशपांनी जाहीर केलं. रविवारी 21 तारखेला चर्चच्या दारात लाखो लोकांनी प्रतिज्ञेवर सह्या केल्या, 23ला सार्वत्रिक संप झाला. भरती कधीच अमलात आली नाही. शिन फेनला डिसेंबरच्या निवडणुकीत जो विजय मिळाला, त्याची पायाभरणी बरीचशी या चर्चच्या दारांत झाली.

यातून बिशपांनी प्रजासत्ताक मान्य केलं असं मात्र समजू नका. 1919मध्ये स्थापन झालेल्या दॉलला, म्हणजे आयरिश लोकसभेला, वैध सरकार म्हणून त्यांनी एकत्रितपणे कधी मान्यता दिली नाही. आणि तरीही किलालूचे बिशप फोगर्टी दॉलच्या कर्जनिधीचे विश्वस्त होते! पुन्हा तेच, प्रश्न 2 पाहा.

फादर मायकेल ओ'फ्लॅनगन यांच्याबद्दलही बरेच जण विचारतात. ते 1917मध्ये शिन फेनचे उपाध्यक्ष झाले. बिशपच्या परवानगीशिवाय प्रचारसभा घेतल्याबद्दल 1918मध्ये निलंबित झाले. जानेवारी 1919मध्ये पहिल्या दॉलच्या आरंभी प्रार्थना म्हणायला त्यांनाच बोलावलं.

11. उपोषणात मरण म्हणजे आत्महत्याच ना? मग कॅथलिक चर्चने मॅकस्विनी यांना संस्कार कसे दिले?

कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात 74 दिवसांच्या उपोषणानंतर 25 ऑक्टोबर 1920 रोजी गेले. कपुचिन फादर डॉमिनिक ओ'कॉनर त्यांच्या सोबतीला होते आणि त्यांना ख्रिस्तप्रसाद देत होते. तेव्हाच्या धर्मपंडितांत यावर खडाजंगी चालली. बाजूने मांडणाऱ्यांचा युक्तिवाद असा: त्यांना मरण नकोय, सुटका हवीय. मरण आलंच तर ते हेतू म्हणून नव्हे, परिणाम म्हणून येईल. रोमने बंदी घातली नाही. लंडनच्या साउथवर्क कॅथेड्रलमध्ये मिस्सा झाला आणि कॉर्कचे बिशप डॅनियल कोहलन यांनीही सन्मानाने निरोप दिला.

आता अपवाद. याच बिशप कोहलन यांनी नोव्हेंबर 1923मध्ये, उपोषणातच गेलेल्या डेनिस बॅरी यांचं शव चर्चमध्ये घ्यायला नकार दिला. मधल्या तीन वर्षांत धर्मशास्त्र बदललं नव्हतं. समोरचं सरकार बदललं होतं, ते आता आयरिशांचं होतं. मला यात दुटप्पीपणा दिसतो आणि तो सांगायला मी कचरत नाही.

भारतात या उपोषणाची आठवण 1929मध्ये जागी झाली. लाहोर तुरुंगात 63 दिवसांच्या उपोषणानंतर जतींद्रनाथ दास गेले, तेव्हा मॅकस्विनी यांच्या कुटुंबाकडून सहवेदनेची तार आली होती.

12. क्रांतिकारकांना धर्मबहिष्कृत केलं होतं, हे खरं ना?

दोनदा, आणि दोन्ही वेळा वेगळ्या प्रकारे. लोक हे दोन प्रसंग सतत एकमेकांत मिसळतात.

पहिला डिसेंबर 1920चा. 11 तारखेच्या रात्री ब्रिटिश दलांनी कॉर्क शहराचा मध्यभाग जाळला. दुसऱ्याच दिवशी बिशप कोहलन यांनी आपल्या धर्मप्रांतात दबा धरून हल्ले किंवा अपहरण करणाऱ्यांना बहिष्कृत केलं. हा हुकूम फक्त कॉर्क धर्मप्रांतापुरता होता. अनेक धर्मगुरूंनी तो मनावर घेतला नाही आणि संस्कार देत राहिले. फादर डॉमिनिक यांचं मत होतं की खाजगी माणसाने केलं तर ते पाप, पण प्रजासत्ताकाच्या अधिकाराने केलेल्या कृत्याला हा बहिष्कार लागू होत नाही. त्याच महिन्यात त्यांना अटक झाली आणि पुढे इंग्लंडमधल्या पार्कहर्स्ट तुरुंगात त्यांची रवानगी झाली. 1922च्या सुरुवातीला सुटले.

दुसरा प्रसंग यादवी युद्धातला, ऑक्टोबर 1922चा. सगळ्या बिशपांनी मिळून काढलेल्या पत्रकाने ब्रिटनशी 1921मध्ये झालेला तह न मानणाऱ्या, नव्या आयरिश सरकारविरुद्ध लढणाऱ्या लढवय्यांना पापमुक्ती आणि ख्रिस्तप्रसाद नाकारला. हा फटका खोलवर बसला, कारण तो देशभर होता आणि लढणाऱ्यांपैकी बहुतेक श्रद्धाळू होते. त्यांनी रोमकडे दाद मागितली. 1923मध्ये पोपचे दूत मॉन्सिन्योर लुझिओ आले, पण बिशपांनी आणि सरकारनेही त्यांना दाद दिली नाही.

13. इंग्रजांनी धर्मगुरूंना मारलं का?

हो. गॉलवेचे फादर मायकेल ग्रिफिन यांना 14 नोव्हेंबर 1920च्या रात्री घरातून नेलं. आठवड्याने त्यांचा मृतदेह बार्नाजवळच्या दलदलीत पुरलेला सापडला. 15 डिसेंबरला डनमॅनवेजवळ 73 वर्षांच्या कॅनन मॅग्नर यांना ब्रिटिशांच्या ऑक्झिलियरी या जादा पोलीस दलातल्या एकाने रस्त्यात गोळी घातली. त्याला दोषी, पण वेडसर ठरवण्यात आलं.

14. आपल्या टिळकांचा याच्याशी काही संबंध आहे का?

धर्मगुरूंशी नाही. चळवळीशी मात्र आहे. ‘होमरूल’ ही मागणी आयर्लंडमधूनच आली. योगायोग असा की टिळकांची होमरूल लीग बेळगावला स्थापन झाली ती एप्रिल 1916च्या अखेरीस, डब्लिनमध्ये उठाव चालू असलेल्याच आठवड्यात. इकडे ती मागणी रुजत होती आणि तिकडे तिची जागा पूर्ण प्रजासत्ताक घेत होतं.

15. पापनिवेदन गुप्त असतं. मग या शेवटच्या रात्रींबद्दल फ्रायरांनी लिहिलं कसं?

पापनिवेदनात ऐकलेलं त्यांनी कुठेच लिहिलेलं नाही. लिहिलं ते आधी-नंतरचं बोलणं, पहारेकऱ्यांचं वागणं, चालत गेलेली वाट. फादर अलॉयशियस आणि फादर ऑगस्टीन यांनी पुढे ब्युरो ऑफ मिलिटरी हिस्टरी या लढ्याच्या आठवणी गोळा करणाऱ्या आयरिश सरकारी संस्थेला जबाब दिले. हा संग्रह 2003मध्ये सर्वांसाठी खुला झाला. जबाब घटनेनंतर तीसेक वर्षांनी दिलेले असल्याने तारखा-वेळा दुसऱ्या नोंदींशी ताडून पाहाव्या लागतात. मीही तसंच केलं आहे.

16. या फ्रायरांचं पुढे काय झालं? त्यांना कुणी शिक्षा केली का?

फादर अल्बर्ट आणि फादर डॉमिनिक जून 1922मध्ये फोर कोर्ट्समध्ये तहविरोधी सैनिकांसोबत होते, तोफांचा मारा चालू असतानाही. हे नव्या सरकारला रुचलं नाही आणि चर्चच्या वरिष्ठांनाही. दोघांना अमेरिकेला धाडण्यात आलं. कागदावर ती बदली होती. मी तिला हद्दपारीच म्हणेन. फादर अल्बर्ट फेब्रुवारी 1925मध्ये कॅलिफोर्नियात वारले, फादर डॉमिनिक ऑक्टोबर 1935मध्ये ओरेगनमधल्या बेंड गावी. जून 1958मध्ये दोघांचे अवशेष आयर्लंडला आणून कॉर्कजवळच्या रोचस्टाउन मठात पुरले.

फादर अलॉयशियस आणि फादर ऑगस्टीन यांच्या वाट्याला असं काही आलं नाही. त्यांनीही 1916मध्ये तेच काम केलं होतं. फरक पडला तो 1922मध्ये कोण कुठे उभं होतं, याचा.